दोन माणसांची गाडी

परवा कुकरची रिंग आणायला गेले, तर दुकानदार म्हणाला, "कंपनीची देऊ का साधी?" मी साधी घेतली आणि घर येईपर्यंत किशननानांशी मनातल्या मनात भांडत आले. नानांना जाऊन बराच काळ झाला, पण बाजारात काहीही घ्यायला गेलं की ते माझ्यामागे येऊन उभे राहतातच. त्यांची सवय काही गेली नाही.

नाना आमचे शेजारी, भिंतीला भिंत. नांदेडात वजिराबादेत त्यांचं ट्रॅक्टर आणि जीपच्या पार्टचं दुकान होतं. गिऱ्हाईक पायरी चढलं की नाना चष्म्याच्या वरून त्याला एकदा न्याहाळत आणि विचारत, "ओरिजनल देऊ का चालणारं देऊ?" यात फसवाफसवी काही नव्हती. डबे वेगळे, भाव वेगळे, आणि कुठला डबा कसला ते नाना तोंडावर सांगत. एकदा एका शेतकऱ्याने विचारलं, "नाना, फरक काय पडतो दोन्हीत?" नाना म्हणाले, "ओरिजनल तुटलं की वाईट वाटतं." शेतकरी चालणारं घेऊन गेला. सगळेच चालणारं नेत. नानांचं घर त्यावरच उभं राहिलं.

ते स्वतःही चालणारंच वापरत. स्कूटरचं पुढचं चाक एका कंपनीचं, मागचं दुसरीचं, आणि सीट कुणाच्या तरी मोटारसायकलची. दात पडले तेव्हा डॉक्टरांनी विचारलं, कसले बसवायचे? नाना म्हणाले, "चालणारे." ते दात पुढे बोलताना जरा हलायचे. पण बोलणं समोरच्याला पोचलं म्हणजे झालं, असं नानांचं मत. सुमनकाकू, म्हणजे त्यांची बायको, यावर काही बोलत नसत. काकू एकूणच कमी बोलत, पण जे बोलत ते नानांना आठवडाभर पुरायचं.

असा माणूस साठी ओलांडल्यावर ओरिजनलच्या नादी लागेल असं मला कुणी सांगितलं असतं, तर मी त्याला वेड्यात काढलं असतं.

झालं असं, की पोराने लातूरला बॅटऱ्यांचं दुकान टाकलं, नानांनी नांदेडचं दुकान बंद केलं आणि चाकूरजवळच्या आपल्या गावी पडका गोठा पाडायला म्हणून गेले. येताना ट्रकवर एक मोटार घेऊन आले. मोटार म्हणायची आपली. चाकं नव्हती, दिवे नव्हते, बॉनेटला मधोमध भोक होतं आणि आत कोंबडीने घर केलेलं होतं.

"हे काय आणलंत नाना?" मी विचारलं.

"गाडी हाय मॅडम. बाबांची."

"चालते का?"

"न्हाई."

न चालणारी वस्तू नानांनी घरात आणल्याचं मी पहिल्यांदाच बघत होते. काकूंनी दारातूनच गाडीकडे पाहिलं, मग नानांकडे पाहिलं आणि त्या भाकरी करायला आत गेल्या.

गाडी विलायती होती. दोनच माणसांची, बसकी, वर टप नसलेली, पळवायची गाडी. हैदराबादच्या कुणा जहागीरदाराने शौकाने घेतलेली. निजामशाही गेली, शौक गेला आणि गाडी फिरत फिरत नानांच्या वडिलांच्या हाती आली. वडिलांना गाडी चालवता येत नव्हती. ते ड्रायव्हर ठेवून शेजारी बसत आणि चाकूरच्या बाजाराला जाऊन येत. मग इंजिन बसलं. विलायतेहून पार्ट कोण आणणार? वडिलांनी जीपचं डिझेल इंजिन घातलं. ते मावेना म्हणून बॉनेटला भोक पाडलं. रंग उडाला तसा घरात जो उरला असेल तो मारला, कधी टेम्पोचा पिवळा, कधी खिडक्यांचा हिरवा. म्हणजे चालणारं देण्याची विद्या नानांच्या घरात वडिलोपार्जित होती.

आणि त्या गाडीतून परण्या निघायचे. आमच्याकडे लग्नाआधी नवरदेवाला वाजतगाजत मारुतीला नेतात, त्याला परण्या म्हणतात. आजूबाजूच्या गावांतले निम्मे नवरदेव या गाडीत बसून मारुतीला गेले. अडचण एकच. नवरदेवामागे करवली बसायला पाहिजे आणि गाडीत जागा दोन, एक ड्रायव्हरची, एक नवरदेवाची. इतरांच्या करवल्या मुकाट्याने पायी चालत. पण नानांच्या स्वतःच्या लग्नात करवली होती त्यांची धाकटी बहीण कमल, वय सात-आठ. हळदीच्या दिवशी तिला कळलं की उद्या आपल्याला चालायचंय. ती ओसरीच्या खांबाला मिठी मारून बसली. जेवेना, सुटेना. मग वडील उठले, चाकूरहून गॅसवाल्या वेल्डरला आणवलं आणि सगळ्या पाहुण्यांदेखत गाडीची मागची बाजू कापायला लावली. मोडक्या मोटारबसचं हिरव्या रेक्झिनचं बाकडं आखूड करून तिथे जोडलं. दुसऱ्या दिवशी कमल राणीसारखी बसून मारुतीला गेली. ही गोष्ट नाना हसत हसत सांगायचे.

तर ती गाडी नानांनी अंगणात खरवडायला घेतली. हिरव्याखाली पिवळा निघाला, पिवळ्याखाली निळा, त्याखाली आणखी एक हिरवा. सगळ्यांत खाली जांभळाच्या रंगाचा एक पट्टा लागला, तळव्याएवढा. नाना तो पट्टा बघत बसले. मी वाळवण काढायला बाहेर आले होते, मला हाक मारली.

"मॅडम, हे बगा. असा व्हता हिचा रंग. मला ठावंच नव्हतं."

"छान आहे की."

"जलमभर लोकायला चालणारं विकलं मी," नाना म्हणाले. "एक तरी वस्तू जशी व्हती तशी करून बगतो."

इतकं सरळ बोलताना मी नानांना कधी ऐकलं नव्हतं. मला खरंच बरं वाटलं. पुढची चार वर्षं गल्लीला काय भोगावं लागणार आहे, याची तेव्हा कल्पना नव्हती.

पहिला शोध इंजिनाचा. जुनं इंजिन वडिलांनी फेकलं नव्हतं. ते गावच्या गोठ्यातच होतं, कोरड्यात. तीस वर्षं त्याला म्हैस बांधत होते. नानांनी म्हैस सोडली, इंजिन उचललं आणि हैदराबादला एका म्हाताऱ्या मिस्त्रीकडे नेलं. त्याला सगळे उस्ताद म्हणत. उस्तादाने इंजिनावरचा नंबर घासून गाडीच्या पाटीवरच्या नंबराशी ताडून पाहिला. जुळला. नाना घरी आले ते पेढे घेऊनच. "म्हशीनं सांभाळलं बगा," म्हणत सगळ्या गल्लीला वाटले.

मग एकेक वस्तू यायला लागली. डॅशबोर्डचा पितळी स्क्रू विलायतेहून पाकिटात आला. एक स्क्रू! नानांनी तो घरोघर नेऊन दाखवला आणि दाखवता दाखवता हरवला. सगळी गल्ली ओणवी होऊन शोधत होती, मी शाळेला उशीर करून शोधत होते. काकू तेवढ्या खुर्चीत बसून होत्या.

"माजा गुडघा गेलाय दोन वर्सं झाले," काकू म्हणाल्या. "त्याचं वायसर कुणी शोधंना."

स्क्रू नानांच्या खिशात निघाला. नानांनी सगळ्यांना चहा पाजला आणि काकूंना डॉक्टरकडे नेलं.

विष्णुपुरीच्या कॉलेजातले एक प्राध्यापक एकदा गाडी बघायला आले. भला माणूस. त्यांनी गाडीभोवती दोन चकरा मारल्या आणि म्हणाले, "नाना, एक इलेक्ट्रिक पंखा बसवून घ्या आत. हे इंजिन सावकाश चालवलं की आपल्याकडच्या उन्हात तापणार. पंखा कुणाला दिसणारही नाही."

"कंपनीनं दिला व्हता का?" नानांनी विचारलं.

"तेव्हा कुठला?"

"मंग न्हाई."

उस्तादानेही तेच बजावलं होतं. "इसकू भगाना, नाना. धीरे धीरे चलाए तो उबलती. एक बार इंजन का हेड गया तो दुसरा हेड मैं कां से लाऊँ?" नाना मान डोलवायचे. गाडी हळू चालवायचीच नाही, असा त्यांनी त्यावर तोडगा काढला. पहाटे मोकळ्या रस्त्यावर ते तिला पळवून आणत. टप नसल्याने येताना डोळे लाल आणि मिशीत चिलटं. पण चेहरा असा, की काकूही बघत राहायच्या.

सगळ्यांत शेवटी राहिलं ते मागचं बाकडं. काकू म्हणाल्या, "कमलला इचारा."

"तिला काय कळतंय गाडीतलं?" नाना म्हणाले.

आणि बाकडं काढलं. उस्तादाने मागचा पत्रा नवा ठोकून दिला, जसा होता तसा. मग हैदराबादच्या जुन्या गाड्यांच्या क्लबचे तिघे जण आले, अर्धा दिवस गाडीच्या वर-खाली बघत राहिले आणि शेवटी नानांचा हात हातात घेऊन म्हणाले, अशी मूळ अवस्थेतली गाडी आम्ही बऱ्याच वर्षांत बघितली नाही, पावसाळ्यानंतरच्या आमच्या संचलनात हीच पहिल्या रांगेत राहील. नानांनी नवा सफारी शिवायला टाकला.

त्याच उन्हाळ्यात कमलताई आल्या. त्या नायगावला दिलेल्या. नवरा लवकर गेला, शेती करून त्यांनी पोराला वाढवलं आणि आता त्याचं लग्न ठरलं होतं. भावाला पत्रिका द्यायला आल्या होत्या. आम्ही बायका गच्चीवर कुरडया घालत होतो, म्हणून त्या सरळ वर आल्या. नानाही मागोमाग आले.

"दादा, परण्याला गाडी तुझी," कमलताई जिना चढतानाच बोलत होत्या. "मामाचा मान हाय. करवली माझ्या नणंदेची नात, एवढीशी हाय, तिला माझ्या जाग्यावर..."

आणि थांबल्या. गच्चीच्या कोपऱ्यात ते हिरवं बाकडं होतं. त्यावर पांढरं धोतर अंथरून काकूंनी कुरडया वाळत घातल्या होत्या. बाकडं चांगलं होतं, उंचीलाही बरोबर होतं. वापरायचं नाही तर काय करायचं?

"हे इथं कामून?" कमलताईंनी विचारलं.

"काढलं," नाना म्हणाले. "ते ओरिजनल नव्हतं."

"मंग ओरिजनल काय व्हतं?"

"दोनच सीटा. एक ड्रायव्हर आन् एक माणूस."

कमलताई बाकड्यापाशी गेल्या. कुरड्यांना धक्का न लावता त्यांनी कडेच्या रेक्झिनवर हात ठेवला.

"दादा, बाबानं माझ्यासाठी गाडी कापली व्हती. साऱ्या पाहुण्यांसमोर. त्या घरात माझ्यासाठी दुसरं काय केलं कुणी? तू कॉलेजला गेलास, माझी शाळा चौथीत सोडवली. सतराव्या वर्सी लगीन लावून दिलं. म्या काही म्हणले का? एवढी एक जागा व्हती माझी माहेरात. तीबी काढून टाकलीस का तू?"

माझ्या हातातला सोऱ्या तसाच राहिला आणि चीक गार होत गेला. कमलताईंनी पत्रिकेला हळदीकुंकू लावून ती काकूंच्या हातात दिली. "लग्नाला या," त्या म्हणाल्या. "गाडी नका आणू. आम्ही घोडी सांगतो." चहा न घेता त्या बसस्टँडवर गेल्या. मला इतका राग आला होता नानांचा, की मी दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाही.

तिसऱ्या दिवशी तेच आले. कट्ट्यावर बसले. पोराचा लातूरहून फोन आला होता म्हणे, बाकडं परत बसवून टाका, वेल्डर पाठवतो, तासाभराचं काम आहे.

"मग बसवा की," मी म्हणाले.

"मॅडम, आता बसवलं तर ते डुप्लिकेट," नाना म्हणाले. "बाबानं बसवलं ते ओरिजनल व्हतं. तेच मी काढलं. सारी गाडी नीट केली आन् जे ओरिजनल व्हतं तेवढंच काढून फेकलं बगा."

त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. मी आतून परवाच्या कुरडया तळून आणल्या, त्या त्यांनी खाल्ल्या.

लग्न मे महिन्यात. सकाळी बघते तर नाना नवा सफारी घालून गाडी काढत होते. काकू म्हणाल्या, "तिनं न्हाई म्हणलंय." नाना म्हणाले, "हाव." आणि गेले. मी आणि काकू भाड्याच्या जीपने मागे निघालो. नाना क्षणात दिसेनासे झाले, गाडी पळवायचीच होती ना. नायगावला पोचलो तर मांडवापुढे ही गर्दी. जांभळ्या रंगाची गाडी उन्हात चमकत होती, शेजारी घोडी सजून उभी होती, डीजेची गाडी पुढे तयार होती आणि नवरदेव बाशिंग बांधून कशात बसायचं या विचारात उभा होता.

"तू घोडीवर बस," नानांनी त्याला सांगितलं. मग मांडवाकडे तोंड करून हाक मारली, "कमल, चल. बस गाडीत."

कमलताई बाहेर आल्या. "मी? माझं काय काम? म्या तुला गाडी आणू नको म्हणले व्हते."

"मागं जागा न्हाई आता. पुढं बस."

त्यांचे चुलतसासरे पुढे झाले. लाल फेटा, हातात काठी. "अहो पाव्हणं, असं कुठं असतंय का? नवरदेव घोडीवर आन् नवरदेवाची माय मोटारीत? परण्याला रीत असती."

नानांनी त्यांच्याकडे चष्म्यावरून पाहिलं. "नवरदेवाला घोडीच ओरिजनल हाय," ते म्हणाले. "मोटार मागून आली."

म्हाताऱ्यांनी काठी या हातातून त्या हातात घेतली. नवरदेव घोडीवर चढला. कमलताई सगळे बघताहेत म्हणून गाडीत बसल्या, तोंड पलीकडे करून.

परण्या निघाला. आता डीजेपुढचं नाचणं कसं असतं ते सांगायला नको. चार पावलं पुढे, दोन मागे, मध्येच थांबून फोटो. घोडी पुढे, मागे नानांची गाडी, मुंगीच्या चालीने. बारा वाजत आलेले. मी आणि काकू गाडीच्या कडेकडेने चालत होतो. काकूंनी माझा दंड धरला. "आता तापंल ती," त्या म्हणाल्या. "त्येंना ठावं हाय."

नानांना माहीत होतंच. त्यांचे डोळे सारखे काट्यावर होते. काटा लाल रेघेला लागला तेही मी पाहिलं.

"दादा, वास येऊन राहिला," कमलताई म्हणाल्या. वाटेत पहिल्यांदाच बोलल्या.

"येऊ दे."

"थांबव ना मग. घोडीमागं मी चालते की."

"तू चालायची न्हाई," नाना म्हणाले. "मारुतीपर्यंत बस."

पुढे काय झालं ते आधीच सांगून टाकते, म्हणजे शेवट मला माझ्या मनासारखा करता येईल. हेड फुटलं. दुसरं मिळालं नाही. संचलनाला गाडी येणार नाही, हे क्लबला काकूंनीच फोन करून कळवलं. नाना त्यानंतर दीडेक वर्ष होते, कट्ट्यावर बसायचे, गाडीविषयी मात्र कधी हळहळले नाहीत. राख्यांना कमलताई येत, आणि आल्या की राहत. गाडी आता लातूरला पोराच्या दुकानामागे ताडपत्रीखाली आहे.

पण नाना म्हटलं की मला दिसतं ते असं. मारुतीचं शिखर झाडांमधून दिसतंय. बॉनेटखालून खाडकन आवाज येतो, मग भसाभस वाफ, आणि गाडी रस्त्याच्या मधोमध बंद पडते. कुणाच्या लक्षातही येत नाही. डीजे पुढे, घोडी पुढे, नाचणारे सगळे पुढे निघून जातात. धुरळा खाली बसतो. गाडीत दोघंच.

"गेलं का?" कमलताई विचारतात.

"गेलं."

"हैदराबादला मिरवायचं व्हतं ते?"

"तेबी गेलं."

नानांच्या टकलावर ऊन पडलेलं असतं आणि गाडीला टप नाही. कमलताई लग्नाच्या जरीच्या लुगड्याचा पदर सोडवतात आणि हात लांब करून भावाच्या डोक्यावर धरतात. दोघांपैकी कुणीच उतरत नाही. काकू आणि मी झाडाखाली उभ्या, आम्हीही जवळ जात नाही.

मारुतीकडून एक बाई धावत येते. धापा टाकत सांगते, "वहिनी, चला लवकर, नवरदेवाला ओवाळायचंय, समदे तुमच्यासाठी खोळंबलेत."

कमलताई पदर धरलेला हात खाली घेत नाहीत.

"थांबा म्हणावं त्यायला," त्या म्हणतात. "मी गाडीत बसलेय."